चारशे बाराव्या बाटलीतला चहा

त्यांना सगळे बाटलीभाऊ म्हणतात. ज्याला माहीत नाही त्याचा हमखास गैरसमज होतो, आणि ज्यांना माहीत आहे ते तो मुद्दाम होऊ देतात. दर मंगळवारी सकाळी भाऊ खांद्याला पिशवी लावून बंदरामागची टेकडी चढायला लागले, की कोपऱ्यावरचा न्हावी दुकानातूनच ओरडणार, "भाऊ, एकटेच निघालात?" आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडाला फेस असतानाच हसणार.

भाऊंच्या बायकोने आयुष्यात थेंबाला हात लावलेला नाही. तरी ती बाटलीवहिनी.

खरी गोष्ट अशी. टेकडीवर एक मनोरा आहे, तारायंत्राच्या काळातला, आता त्यावर चार-दोन डिशा आहेत. शेजारी पत्र्याची खोली. भाऊ त्या मनोऱ्याचे रखवालदार. चौदा वर्षांपूर्वी राजधानीतल्या प्रयोगशाळेतून एक पेटी आली आणि सोबत दोन पानी सूचना. पेटीत स्टीलच्या बाटल्या, कलिंगडाएवढ्या, दोन्ही टोकांना तोट्या. आठवड्यातून एकदा एका बाटलीत टेकडीवरची हवा भरायची, तोट्या बंद करायच्या, पेटी परत पाठवायची. बस. पगारात काही फरक नाही. वरच्या साहेबाने हे काम भाऊंच्या गळ्यात घातलं ते कुणीच घेत नव्हतं म्हणून.

भाऊ फारसे शिकलेले नाहीत. पण त्यांनी ती दोन पानं इतक्या वेळा वाचली की ती घडीवर फाटली, मग त्यांनी ती वहीत उतरवून काढली, आणि उतरवताना स्वतःच्या पदरचे चार नियम वाढवले.

सूचनांमध्ये एवढंच होतं, की बाटली भरताना जवळपास धूर, पेट्रोल, रंग वगैरे काही नको. भाऊंनी त्याचं व्रतच करून टाकलं. सोमवार संध्याकाळपासून डोक्याला तेल नाही. अंगाला बिनवासाचा साबण. दाढी बुधवारी, कारण न्हाव्याकडच्या लोशनचा वास दोन दिवस जात नाही. मंगळवारचे कपडे वेगळे, ते मागच्या बाल्कनीत वाळायचे आणि पिशवीत बंद राहायचे. मंगळवारी ते निघेपर्यंत घरातही गॅस पेटवायचा नाही. त्यामुळे चौदा वर्षं दर मंगळवारी दोघं आदल्या दिवशी उकडलेलं अंडं आणि पाव खातात, गार. वहिनी त्याला थंड मंगळवार म्हणतात. पहिल्या वर्षी त्यांनी यावरून अबोला धरला होता. दुसऱ्या वर्षापासून त्या स्वतःच भाऊंना हुंगून बघायला लागल्या. "थांबा, कॉलरला वास येतोय," म्हणायच्या आणि शर्ट बदलायला लावायच्या.

वर गेल्यावर आधी वारा बघायचा. मनोऱ्याच्या कठड्याला लाल लोकरीचा धागा बांधलाय, तो ज्या दिशेला उडतो त्याच्या उलटी दिशा वहीत लिहायची. मग बाटली वाऱ्याच्या तोंडाला टांगायची, नळी लांब काठीने वर धरायची, छोटा पंप सुरू करायचा आणि स्वतः खालच्या अंगाला उभं राहायचं, म्हणजे आपला श्वाससुद्धा बाटलीकडे जाणार नाही. दहा मिनिटं बाटली नुसती धुवायची, हवेनेच. मग भरायची. शेवटची तोटी बंद करताना भाऊ श्वास रोखून धरतात. हे सूचनांत नाही, त्यांचं स्वतःचं आहे.

थंडीत त्या खोलीत बोटं लाकडासारखी होतात. खोलीत गॅसची शेगडी आहे, बाकीच्या दिवशी भाऊ तिच्यावर चहा करतात. मंगळवारी सिलिंडरची चावी बंद आणि वर कुलूप. किल्ली सोमवारीच घरी.

तर अशा माणसाला यंदाची थंडी संपता संपता पत्र आलं.

पत्र नव्या साहेबांचं होतं. प्रयोगशाळेत आकड्यांचं काम बघायला नुकतेच आले होते. भाषा गोड होती, तेच वाईट. त्यांनी लिहिलं होतं, की टेकडीवरच्या हवेत काही वायू सापडतात, इथेन, प्रोपेन, बेंझीन, आणि दर थंडीत त्यांचे आकडे चढतात. इथेन उन्हाळ्याच्या दुप्पट, प्रोपेन तर पाचपट. उन्हाळा आला की पुन्हा खाली. टेकडीच्या आसपास कारखाना नाही, मोठा रस्ता नाही. तेव्हा थंडीत केंद्रात शेगडी पेटवली जात असावी अशी शंका येते, आणि थंडीत कुणालाही ऊब लागणारच, त्यात गैर काही नाही. मात्र तसं असेल तर चौदा वर्षांतल्या थंडीच्या सगळ्या बाटल्या बाद कराव्या लागतील. आपली वही घेऊन एकदा यावं.

भाऊंनी पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं, पुन्हा वाचलं. मग ते बायकोकडे दिलं आणि चपला शोधायला लागले, त्या पायातच होत्या.

वहिनींनी वाचलं आणि त्यांच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. कोण हा साहेब, याला कुणी सांगितलं, याने एक मंगळवार वर बसून दाखवावं, असं बरंच काही त्या भांडी आपटत बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "चौदा वर्षं मी गार अंडं खाल्लं ते काय गंमत म्हणून? मी येते तुमच्याबरोबर. तुम्ही नुसते मान खाली घालून बसाल."

भाऊंनी वही काढली आणि सहा थंड्यांमागचं एक पान उघडलं. बाटली नंबर चारशे बारा. नंबराच्या पुढे पेनाचा एक ठिपका होता, मुंगीच्या डोक्याएवढा. तो दुसऱ्या कुणाला दिसला नसता.

त्यांनी वही मिटली.

सात तासांची बस. पहिले तीन तास वहिनी साहेबांना काय काय सुनवायचं त्याची उजळणी करत होत्या. चौथ्या तासाला बस चहाला थांबली, वहिनींनी दोन कप आणले, आणि कप हातात घेतल्यावर भाऊंच्या तोंडून ते बाहेर पडलं.

त्या मंगळवारी ते तोटी घट्ट बंद करायचा पाना घरी विसरले होते. वहिनींनी तो बघितला आणि धुक्यातून, गारठ्यातून टेकडी चढून वर आणून दिला. वर पोचल्या तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते, दातावर दात वाजत होते. भाऊ घाबरले. त्यांनी कुलूप तोडलं, शेगडी पेटवली, बायकोला चहा दिला. आणि बाहेर बाटली भरत होती. पंप चालू होता. खोलीचं दार उघडं होतं आणि वारा दाराकडून बाटलीकडे होता.

नियमाने ती बाटली सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशी नवी भरायची. पण दुपारी पेटी न्यायला गाडी येणार होती आणि जास्तीची बाटली नव्हती. नोंदीत भोक पडलं असतं. चारशे अकरा मंगळवारांत एकही भोक नव्हतं. भाऊंनी तोटी बंद केली, बाटली पेटीत ठेवली आणि वहीत ठिपका दिला. शेरा लिहायला हात धजला नाही.

वहिनींनी चहा प्यायलाच नाही. बस सुटली तरी कप हातात तसाच.

"म्हणजे माझ्यामुळे," त्या म्हणाल्या.

"तुझ्यामुळे कसं? तू पाना आणलास. लिहिलं नाही ते मी."

दोन थांबे गेले. मग त्या हळू आवाजात बोलायला लागल्या. हे सांगितलं तर साहेब म्हणणार, एकदा पेटवली त्याने शंभरदा पेटवली असेल. सगळंच जाईल. न सांगावं तर कुणाच्या बापाला कळतंय, सहा वर्षं झाली. भाऊ नुसते मान डोलवत राहिले, कारण यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"पण नाही सांगितलंत तर तुम्हाला झोप लागायची नाही," वहिनी शेवटी म्हणाल्या. "आणि तुम्हाला नाही लागली की तुम्ही मला लागू देत नाही. सांगून टाका."

प्रयोगशाळा म्हणजे भाऊंना वाटलं होतं काचेची नळकांडी आणि रंगीत पाणी. तसं काही नव्हतं. एक लांबट खोली, फ्रीजएवढी दोन यंत्रं, भिंतीला लावलेल्या मांडणीवर स्टीलच्या बाटल्या. भाऊंनी लांबूनच आपल्या बाटल्या ओळखल्या. एकीला पोचा होता, तो पायरीवर पडून आलेला, तिसऱ्या वर्षी.

तिथल्या मॅडम उठून पुढे आल्या. पांढरे केस, पायात साध्या चपला. चौदा वर्षं प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर यांचं अक्षर यायचं, तिरकं, शेवटचा आकडा खाली ओढलेला. भाऊंना माणूस नवा आणि अक्षर जुनं, असं काहीतरी चमत्कारिक झालं. मॅडम म्हणाल्या, या, बाटलीभाऊ. हे नाव इथवर कसं पोचलं ते भाऊंनी विचारलं नाही. पेटीच्या गाडीचा ड्रायव्हर न्हाव्याचा मेव्हणा आहे.

नवे साहेब तिशीतले, नीटनेटके. त्यांनी स्वतः खुर्च्या ओढून दिल्या. पडद्यावर एक आलेख लावला, चौदा वर्षांचा, चौदा उंचवटे, उंटांचा तांडा चालल्यासारखा. प्रत्येक उंचवटा म्हणजे एक थंडी. साहेब म्हणाले, मॅडमना वाटतं हे खरं आहे, ही लांबून येणारी हवा आहे. मलाही वाटायला हरकत नाही, पण माझ्याकडे पुरावा नाही. शेगडीनेही असंच दिसेल असं कुणी म्हणालं तर आपण काय उत्तर देणार?

मग त्यांनी वहीवर हात ठेवला आणि विचारलं, "बाटलीच्या दिवशी तिथे कधीच काही पेटवलं नाही?"

दाराजवळच्या खुर्चीत वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. गुंडाळता गुंडाळता थांबल्या.

"एकदा पेटवली," भाऊ म्हणाले. "चारशे बारा. मी ते लिहिलं नाही. चूक माझी आहे. बाकीच्या सातशे तेवीस बाटल्या स्वच्छ आहेत, पण त्याला माझ्या शब्दाखेरीज पुरावा नाही."

आणि पाना, ओठ, चहा, वारा, सगळं त्यांनी सांगितलं. सांगताना आवाज कापला नाही, याचं पुढे त्यांनाच नवल वाटलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पडला होता. आता हे बाद करणं मला भाग आहे, असं काहीतरी ते सुरू करणार एवढ्यात मॅडम उठल्या. टेबलाच्या तळच्या खणातून त्यांनी एक कागद काढला. कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि वर लाल शाईने भलंमोठं प्रश्नचिन्ह होतं.

"चारशे बारा," मॅडम म्हणाल्या. "सहा वर्षं मी हा कागद जपून ठेवलाय. मला वाटायचं आमच्याच यंत्राची तोटी गळली. भाऊ, शेगडीचा सिलिंडर साधा घरातला होता ना?"

भाऊंनी हो म्हटलं.

मॅडमनी कागद साहेबांच्या पुढे सरकवला. साहेब वाकले. मग त्यांनी खुर्ची पुढे घेतली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाकले. पुढची पाच मिनिटं ते आकड्यांवरून बोट फिरवत राहिले, आणि भाऊंना वाटलं आपला निकाल लागला.

लागलाच होता. पण उलटा.

मॅडमनी समजावून सांगितलं ते भाऊंना एकदाच ऐकून पाठ झालं. घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन. इथेन त्यात जवळजवळ नाहीच, बेंझीनही नाही. म्हणून चारशे बाराव्या बाटलीत प्रोपेन-ब्युटेन आभाळाला भिडलेत आणि इथेन-बेंझीन शेजारच्या मंगळवारांसारखेच, जागचे हललेले नाहीत. शेगडी पेटली की बाटली अशी दिसते. आणि बाकीच्या थंडीच्या बाटल्यांत सगळे वायू मिळून चढतात आणि मिळून उतरतात. चौदा थंड्यांत चारशे बारासारखी दुसरी एकही बाटली नाही.

"पण त्यांनी लाकूडफाटा पेटवला असता तर?" हे साहेबांनी विचारलं आणि कुणी बोलायच्या आत स्वतःच उत्तर दिलं. ताज्या धुरात इथिलीन नावाचा वायू असतो. तो नाजूक, दोन-चार दिवसांत संपतो. त्यांनी भराभर आकडे खाली सरकवले. थंडीच्या बाटल्यांत इथिलीन नावालाच होता.

"म्हणजे हा धूर शिळा आहे," वहिनी दाराजवळून म्हणाल्या.

साहेबांनी वळून बघितलं. "अगदी बरोबर," ते म्हणाले, "आठ-दहा दिवसांचा शिळा."

मग साहेबांना चेवच आला. त्यांनी भाऊंची वही मागून घेतली आणि लाल धाग्याची नोंद एकेक मंगळवार वाचत गेले. त्यांच्याकडे संगणकावर हवेचा माग काढायची सोय होती, अमुक दिवशी टेकडीवर आलेली हवा त्याआधी दहा दिवस कुठून कुठून फिरली ते नकाशावर रेघ होऊन दिसायचं. धागा उत्तरेचा वारा सांगत होता त्या दिवशी रेघ समुद्र ओलांडून पार पलीकडच्या शहरांवर, तेलाच्या विहिरींवर जायची आणि बाटलीतले आकडे चढलेले असायचे. धागा मोकळ्या समुद्राकडचा वारा सांगत होता त्या दिवशी आकडे कमी, अगदी ऐन थंडीतसुद्धा. शेगडीला वाऱ्याची दिशा कळत नाही. साहेब चार वाजेपर्यंत जेवायला उठले नाहीत.

उन्हाळ्यात कमी का, हे भाऊंनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, कडक उन्हात हवेत असं काही तयार होतं की ते या वायूंना खाऊन टाकतं. वाटेतच संपतात बिचारे. थंडीत ऊन मवाळ, खाणारं कमी, म्हणून ते महिनोन्‌महिने जगतात आणि जगभर भटकतात. त्यात तिकडचे लोक थंडीत जाळतातही जास्त.

भाऊ बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं.

"म्हणजे मी तिथे गारठून बसायचो, शेगडी न पेटवता," ते म्हणाले, "आणि बाटलीत यायची ती समुद्रापलीकडच्यांच्या शेगड्यांची हवा."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

निघताना साहेब खालपर्यंत सोडायला आले. ते म्हणाले, की त्यांनी पत्र लिहायच्या आधी टेकडीवर यायला हवं होतं. भाऊ म्हणाले, शंका घेणं तुमचं कामच आहे, बाटली धुणं माझं. वहिनींनी उजळणी केलेलं सगळं भाषण पोटात ठेवलं आणि फक्त एवढंच सुचवलं, की येणार असाल तर मंगळवारी या.

ते आलेही. पुढच्या थंडीच्या तोंडाला. भाऊ खाली वाट बघत उभे होते. साहेब गाडीतून उतरले आणि तीन पावलांवरूनच भाऊंच्या नाकात सेंटचा भपकारा गेला. भाऊंनी त्यांना टेकडीवर नेलं, पण मनोऱ्यापाशी नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, साठ पावलांवर, एका दगडावर बसवलं आणि उठायचं नाही म्हणून सांगितलं. एवढा शिकलेला माणूस, कान लाल होईपर्यंत मुकाट्याने बसून राहिला. चहा मागितला नाही. घरी आल्यावर वहिनींनी त्यांना गार अंडं वाढलं, त्यांनी दोन खाल्ली.

येताना त्यांनी छापील अहवाल आणला होता. चौदा वर्षं, एक टेकडी, चौदा उंचवटे. मॅडमनी शेवटच्या पानावर तळटीप घातली होती, बारीक अक्षरात. तिच्यात होतं, की बाटली क्रमांक चारशे बारा भरताना केंद्रावर चहासाठी शेगडी पेटवली होती, ही माहिती नमुना भरणाऱ्याने स्वतः दिली, आणि उरलेल्या सगळ्या नमुन्यांची शुद्धता त्यामुळे सिद्ध करता आली.

भाऊंनी ती वाचली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी वही काढली, सहा-सात वर्षांपूर्वीचं ते पान उघडलं आणि ठिपक्यापुढे लिहिलं: पाना विसरलो. शेगडी. चहा एक कप.

बुधवारी ते दाढीला गेले, तर वहिनी आधीच दुकानाच्या पायरीवर उभ्या. हातात अहवाल, बोट तळटिपेवर. न्हावी वस्तरा थांबवून ऐकत होता, गिऱ्हाईक फेसातून बघत होतं.

"वाच ना मोठ्याने," वहिनी त्याला म्हणत होत्या. "चहासाठी, असं लिहिलंय. तो चहा मी प्यायले होते. चौदा वर्षांच्या हवेत एकच कप आहे, आणि तो माझा आहे."

न्हाव्याने वाचलं. दोनदा वाचलं. मग भाऊंना खुर्ची झटकून दिली, नेहमीची लोशनची बाटली उचलली, आणि झाकण उघडायच्या आधी पहिल्यांदाच विचारलं, "आज चालेल ना, भाऊ? वारा कुठला आहे?"